वीतभर चर

खोल असलं की चांगलं, ही आपल्याकडची जुनी समजूत. विहीर खोल हवी, पाया खोल हवा, नांगरट खोल हवी. विहिरीच्या आणि पायाच्या बाबतीत ती खरीच आहे. नांगरटीबद्दल हल्ली शेतकऱ्यांतच दोन मतं आहेत, ते राहू दे. पण संडासाच्या बाबतीत ती साफ खोटी आहे, आणि नुसती खोटी असती तर मी लिहायला बसले नसते. ती दुसऱ्याच्या जिवावर उठणारी आहे.

परसातल्या नव्या संडासाचा पाइप किती खोल घालायचा, हा काय लिहायचा विषय आहे का, असं कुणाला वाटलं तर त्यांनी खुशाल पान उलटावं. फक्त जाताना एवढं सांगून जावं, की तुमच्या घरातलं शेवटी कुठं जातं. मी शाळेत पालकसभेत हा प्रश्न विचारला होता. चाळीस माणसं बसली होती. घरात संडास आहे म्हणून बत्तीस हात वर झाले. आतलं जातं कुठं म्हटल्यावर सगळे हात खाली. एक जण म्हणाला, "जातंय की खाली."

खाली. हा शब्द आपल्याला फार सोयीचा आहे.

आमचं गाव येरळेच्या काठी, सांगली जिल्ह्यात. नदीकडची जमीन काळी, वर माळाकडं मुरूम. मी इथं सून होऊन आले १९८८ साली, आणि पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले. तेव्हा गावात संडास दोन-तीनच, तेही वाड्यांत. बाकी सगळ्यांना पाणंद. बायकांची पाणंद वेगळी, आणि वेळ म्हणजे पहाटे उजाडायच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतर. मोटारसायकलचा उजेड पडला की टमरेल धरून सगळ्यांनी उभं राहायचं. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय, त्यामुळं मी तिथं थांबत नाही. पुढं २००० साली आर. आर. आबांच्या वेळी गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान आलं, गावं झाडून निघाली, भिंतींवर सुविचार आले. आमच्या घरात संडास यायला मात्र २०११ उजाडलं. आत्तीचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे गेले म्हणून. त्यांचे गुडघे चांगले राहिले असते तर आणखी दहा वर्षं आला नसता, हेही लिहून ठेवते.

भांडण सुरू झालं ते चर आखायच्या दिवशी.

थोरले भाऊजी म्हणाले, "चांगला कंबरभर चर मारा. एकदा गाडलं की परत बघायला नको." मेस्त्रीचं म्हणणं तेच. "बाई, उथळ पाइप म्हंजी उघडा संसार. उद्या कुत्रं उकरंल." आणि खड्डा? खड्डा पंधरा फूट, एकच, सिमेंटच्या रिंगा टाकून. "तुमच्या नातवापर्यंत बघायला लागायचं न्हाई." परसात पाच पुरुष उभे होते आणि पाचही जणांचं एकमत होतं. त्यातल्या एकानंही त्या घरात कधी पाण्याची घागर उचलून आणलेली नव्हती.

मी त्या वर्षी सातवीला गणित शिकवत होते. म्हणून पाटीवर काढूनच दाखवलं.

दोन खड्ड्यांच्या संडासात पाइपाचं काम एवढंच, की भांड्यातलं खड्ड्यापर्यंत पोचवायचं. भांड्याखाली जो वाकडा तुकडा असतो, ज्याला गवंडी कोंबडा म्हणतात, त्यात कायम थोडं पाणी साठून राहतं. खड्ड्यातला वास वर येऊ न देणारं तेच झाकण. खेडेगावच्या भांड्याचा उतार मुद्दाम जास्त ठेवलेला असतो आणि कोंबड्यातलं पाणी कमी, दोन बोटांपेक्षाही कमी. का, तर दीड-दोन लिटर पाण्यात सगळं वाहून जावं. तो सगळा हिशेब खेड्यात पाणी डोक्यावरून येतं हे धरून केलेला आहे. पुढं पाइपाला दहा फुटाला एक फूट ढाळ द्यायचा. जागेची अडचण असेल तर पंधरा फुटाला एक, त्याच्यापेक्षा कमी नाही. शहरातला प्लंबर चाळीस फुटाला एक देतो आणि त्याचं भागतं, कारण त्याच्या मागं साखळी ओढली की धाडकन येणारी टाकी असते. आमच्या मागं तांब्या असतो.

आमचा जोता जमिनीपासून सव्वा फूट वर. कोंबड्याच्या तोंडाशी चर वीतभर खोल. तिथून सहा फुटांवर चेंबर, चेंबरपासून दोन्ही बाजूंना तीन-तीन फुटांवर खड्डे. एकूण नऊ फूट. ढाळ धरून खड्ड्याशी चर हातभरापेक्षा थोडा जास्त. झालं. वीतभरापासून हातभरापर्यंत, यात मावतो घरचा संडास. एका माणसाचं सकाळचं काम, तेही न्याहारीच्या आत.

आता कंबरभर चर काढला तर काय होतं बघा. पाइप जिथं खड्ड्याला मिळतो त्याच्या वरचा खड्डा फुकट जातो, कारण घाण पाइपाच्या वर चढू शकत नाही. पाइप एक फूट खाली नेला की तेवढीच जागा मिळवायला खड्डाही एक फूट खाली न्यावा लागतो. मी पाइपाच्या तोंडाखाली साडेतीन फूट धरले, म्हणजे खड्डा वरून पाच फूट, छातीएवढा. भाऊजींच्या हिशेबानं तोच खड्डा साडेसहा-सात फूट झाला असता. आत उभ्या माणसाचं डोकंही वर दिसलं नसतं. आणि वरच्या दोन-चार फुटांतल्या मातीतच तर सगळं आहे, हवा तिथं, मुळं तिथं, घाणीची माती करणारे जीव तिथं. जसजसं खाली जाल तसतशी माती मुकी होत जाते. ती कुजवत नाही, नुसतं धरून ठेवते.

मेस्त्री ऐकत होता. तो म्हणाला, "पर बाई, भरला तर?"

भरणारच आहे. त्यासाठीच दुसरा आहे. पाच-सहा माणसांच्या घराला मीटरभर रुंद आणि पाइपाखाली मीटरभर खोल खड्डा साधारण तीन वर्षं पुरतो. तो भरला की चेंबरमधलं त्याचं तोंड बंद करायचं, दुसऱ्याचं उघडायचं. दुसरा भरेपर्यंत पहिल्याची माती झालेली असते. खड्ड्याच्या तळाला सिमेंट नाही, भिंतीला पाइपाच्या खाली जाळी ठेवलेली, एक आड एक थरात विटांमध्ये दोन बोटांची फट. पाइपाच्या वर मात्र भिंत भरीव. पाइप खड्ड्यात चार इंच पुढं काढायचा, म्हणजे पडणारं भिंतीवरून ओघळत नाही. वास जायला उंच नळकांडं लागत नाही, वायू मातीत मुरतो. मी हे सगळं काही शोधून काढलेलं नाही. सरकारच्याच पुस्तिकेत छापलेलं आहे. गावात ती पुस्तिका येते आणि ग्रामपंचायतीच्या कपाटात बसते.

शेवटी आत्ती म्हणाल्या, "पाणी कोन आनतंय घरात? मग ती म्हनंल तसं करा." तेव्हा चर वीतभर झाला. माझं गणित कुणाला पटलं नव्हतं, आत्तींचा शब्द मोडवला नाही एवढंच.

आत्तींचा प्रश्न मला आजही सगळ्यांत बिनतोड वाटतो. पाइप सपाट घातला, किंवा भांड्यापासून खड्डा पंचवीस-तीस फूट लांब नेला (आपल्याला तो घरापासून लांबच हवा असतो, बांधाला चिकटून, शेजाऱ्याच्या अंगावर), तर मैला वाटेत बसतो. मग तांब्यानं भागत नाही. बादली लागते. सहा माणसं, दिवसाला सहा बादल्या जास्तीच्या. मार्च ते जून आमच्याकडं नळाला तीन-चार दिवसांआड पाणी. त्या सहा बादल्या कोण आणणार ते चर आखताना कुणी बोलत नाही. मग बाई काटकसर करते, पाइप तुंबतो, आणि घरात म्हणतात, बायकांना संडास वापरता येत नाही. पुरुष परत पाणंदीला जायला मोकळे. संडासात कडबा. सर्वेक्षणाला आलेली माणसं लिहून नेतात, 'लोकांची मानसिकता बदललेली नाही.' मानसिकता नव्हे हो. ढाळ बदलला नव्हता.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी खरं म्हणजे मी एवढा वीतभर आणि हातभर हिशेब केला.

आमच्याच गावात वरच्या आळीला एका मोठ्या घरात अठरा फूट खड्डा आहे. रिंगांचा, एकच. घरमालक अभिमानानं सांगतात, बारा वर्षं झाली, भरला नाही. त्यांना मी एकदा म्हटलं, "भरत नाही म्हणजे कुठंतरी जातंय." पावसाळ्यात त्या आळीतल्या आडांना दहा फुटांवर पाणी असतं. म्हणजे चार महिने त्या खड्ड्याचा निम्मा भाग पाण्यात उभा. मैला मुरत नाही, पाण्यात मिसळतो, आणि शेजारच्या आडात उतरतो. खड्ड्याचा तळ पाण्याच्या वर चांगला सहा-साडेसहा फूट हवा आणि आड तीस फूट तरी लांब हवा. उथळ खड्ड्याला हे जमतं. खोल खड्डा जाऊन पाण्यालाच भेटतो.

आणि एक दिवस तो भरतोच. अठरा फुटांचा खड्डा, एकच, म्हणजे वर आजचं ताजं आणि खाली बारा वर्षांपूर्वीचं. वापर थांबवून वाट बघायची सोय नाही, कारण दुसरा खड्डाच नाही. मग फोन होतात. तालुक्याहून टाकी घेऊन गाडी येते, आणि गाडीचा पाइप पोचत नाही किंवा तळाचा घट्ट गाळ ओढला जात नाही, तेव्हा कुणालातरी उतरवतात. हा 'कुणीतरी' कोण असतो, ते मी लिहायची गरज नाही. वाचणाऱ्याला माहीत आहे. बंद खड्ड्यात जो वायू साठतो त्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो, आणि तो जास्त झाला की वासच येईनासा होतो. नाक बधिर होतं. खाली गेलेल्याला वाटतं आता बरं आहे. तेवढ्यात संपतं. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही संपतो. वर्तमानपत्रात चार ओळी येतात.

आमच्याकडं सेप्टिक टँकला 'सेफ्टी टाकी' म्हणतात. मी बरीच वर्षं पोरांचे उच्चार सुधारत आले, हा शब्द सुधारायचं मात्र सोडून दिलंय. लोक बरोबरच म्हणतात. घरातल्यांची सेफ्टी आहे ती. आमची घाण आम्हाला दिसणार नाही, याची पक्की हमी.

कायदा आहे. १९९३ साली एक झाला, तो दुबळा ठरला. २०१३ साली दुसरा, त्यात गटारात आणि टाकीत साधनांशिवाय माणूस उतरवणंही गुन्हा ठरलं. सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१४ ला सांगितलं, १९९३ पासून जे जे असे मेले त्यांच्या घरच्यांना १० लाख रुपये द्या. २०२३ मध्ये तोच आकडा ३० लाखांवर नेला. आकडा वाढला कारण मरणं थांबली नाहीत. कायदा टाकीच्या तोंडाशी उभा राहून 'उतरू नको' म्हणतो. पण टाकी खणताना, चर आखताना, तो तिथं नसतो. तिथं आपण असतो, दोरी धरून.

म्हणून मी म्हणते, खड्डा किती खोल हा गवंड्याचा प्रश्न नाही. 'एकदा गाडलं की परत बघायला नको' या वाक्यातच सगळं आहे. बघायला कुणालातरी लागणारच आहे. जो माणूस पंधरा फूट खणतो त्यानं मनात ठरवलेलं असतं, की तो 'कुणीतरी' आपल्या घरातला नसेल. छातीएवढा खड्डा खणणारा मात्र स्वतःच उघडायचं ठरवून खणतो.

अप्पासाहेब पटवर्धनांचं नाव आता पोरांना माहीत नसतं. कोकणचे गांधी म्हणायचे त्यांना. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मैला साफ करायचं काम जातीनं वाटून दिलेलं. अप्पांनी ते आपल्याला करू द्या म्हणून मागितलं. तुरुंगानं नाही म्हटलं, कारण ब्राह्मणाला ते काम देता येत नाही. अप्पांनी उपास आरंभला, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही डिसेंबरात त्यांच्यासाठी उपास धरला. पुढं अप्पांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला, आणि तिथं मैल्याचं खत कसं होईल, संडास कसा असावा, याचेच प्रयोग करत राहिले. सोनखत हा शब्द त्यांना लाजिरवाणा वाटला नाही. आपण त्यांच्या नावानं काही करत नाही. गाडगेबाबांच्या नावानं अभियान केलं, पण बाबांच्या हातातला खराटा आपण चौकातल्या पुतळ्याच्या हातात देऊन मोकळे झालो.

२०१४ नंतर स्वच्छ भारतचे १२ हजार आले. पैसे वाईट नव्हते, माझ्या मते दोन उथळ खड्डे, भांडं आणि छोटी खोली यांना थोडी पदरमोड करून पुरण्यासारखे होते. पण मोजायला फोटो होता. दारासमोर लाभार्थी उभा, मागं रंगवलेली भिंत, वर 'इज्जतघर' किंवा तसलंच काही. जमिनीखालचा फोटो कोण काढणार? आमच्या भागात त्या वर्षी झालेल्या कितीतरी संडासांना मी स्वतः जाऊन झाकणं उचलून बघितली आहेत, शाळा सुटल्यावर, पोरं बरोबर घेऊन. ठेकेदारानं घाऊक केलेलं काम. काही ठिकाणी दुसरा खड्डा म्हणजे जमिनीवर ठेवलेलं नुसतं झाकण, खाली माती. काही ठिकाणी दोन खड्डे खरे, पण चेंबरमध्ये दोन्ही तोंडं उघडी, म्हणजे दोन्ही एकदमच भरणार. अडीच रुपयांचं काम असतं हो ते. गोणपाटात गुंडाळलेली एक वीट एका तोंडात बसवायची. पण का बसवायची ते त्या घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं. एका घरी पाइप उलट्या ढाळाचा होता, खड्ड्याकडून घराकडं. त्या घरची वहिनी म्हणाली, "आमचा संडास माघारी येतोय बाई." आम्ही दोघी हसलो. हसायचं नव्हतं ते.

२०१८ साली महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्या दिवशी आमच्या पाणंदीत काय होतं ते मी लिहीत नाही.

विरोधात जे सांगितलं जातं त्यातलं काही खरं आहे, ते टाळून जाणं बरोबर नाही. उथळ पाइपावरून ट्रॅक्टर गेला तर फुटेल. बरोबर. मग ट्रॅक्टरच्या वाटेत पाइप नेऊ नका, आणि न्यावाच लागला तर तेवढ्या चार फुटांत खाली-वर मुरूम भरून वरून शहाबादी फरशी टाका. त्यासाठी सगळा चर कंबरभर कशाला? ऊन लागून पाइप ठिसूळ होतो म्हणतात. उघडा ठेवला तर होतो, वीतभर मातीखाली होत नाही. थंड देशांत पाइप खोल घालतात, कारण तिथं जमीन गोठते. येरळेकाठची जमीन अजून गोठलेली नाही.

काळ्या मातीचा आक्षेप मात्र खरा आणि अवघड आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यात उथळ पाइप वर-खाली हलतो आणि ढाळ बिघडतो, सांधे सुटतात. शिवाय ती पाणी मुरूच देत नाही. नदीकडच्या आळीत आम्ही यावर पुष्कळ डोकं घातलं. जे जमलं ते असं: चर हातभर रुंद काढायचा, काळी माती सगळी बाहेर, तळाला चार बोटं मुरूम धुम्मस करून घट्ट, त्यावर पाइप, बाजूनं आणि वरून परत मुरूम. खड्ड्याभोवतीही सगळीकडून फूटभर वाळू नाहीतर विटांचे तुकडे. खड्डा खोल नेऊन काळ्या मातीत काही मिळत नाही, रुंद करून मिळतं. आणि जिथं पावसाळ्यात पाणी अगदी वर येतं तिथं खड्डाच निम्मा जमिनीच्या वर बांधायचा, भोवती मातीचा ओटा, आणि जोताही त्या मानानं उंच. पायऱ्या चढून जायला लागतं. म्हातारी माणसं कुरकुरतात. त्याला माझ्याकडं उत्तर नाही, कठडा करून दिला एवढंच.

भांड्यात काय टाकायचं नाही हेही कुणीतरी मोठ्यानं बोलायला हवं. फिनेल आणि ॲसिड ओतलं की मातीतले जीव मरतात, मग खड्डा नुसता साठवण होतो. न्हाणीचं पाणी त्यात सोडायचं नाही. आणि पाळीचे पॅड. ते पाइपात अडकतात, खड्ड्यात कुजत नाहीत. सुनेला हे सांगायचं कुणी? सासरा सांगणार नाही, सासू लाजते, मेस्त्री तर नाहीच. मग सून लपवून टाकायला तीच एक जागा शोधते. मी सातवीच्या मुलींना सांगायला लागले तेव्हा एका पालकानं तक्रार केली होती, बाई वर्गात घाण बोलतात म्हणून.

आमचा पहिला खड्डा २०१४ च्या उन्हाळ्यात बंद केला. २०१६ च्या एप्रिलात उघडला. आदल्या दिवशी भाऊजींनी चौकशी केली, "कुणाला सांगितलंय?" म्हटलं, कुणाला नाही, मी, हे आणि पोरगा. भाऊजी काही न बोलता रानात निघून गेले. झाकण सरकवलं तेव्हा आळीतली माणसं लांब, नाकाला टॉवेल लावून उभी. आत दोन फूट खाली बसलेली काळी, भुसभुशीत माती. वास पहिल्या पावसाचा म्हणणार नाही, तसं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. वास काहीच नव्हता. वरचं काठावरूनच खोऱ्यानं निघालं, तळाचं काढायला पोरगा आत उतरला, डोकं आणि खांदे बाहेर. पंचवीस-तीस घमेली निघाली. लिंबोणीला आणि शेवग्याला घातली. अकरा वाजता आंघोळी करून आम्ही जेवायला बसलो. भाऊजी त्या दिवशी आमच्याकडं जेवले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात लिंबं मात्र पिशवीभर घेऊन गेले.

त्यानंतर आठ दिवस गावात मला एकच प्रश्न येत होता. वास आला का, किती निघालं, यातलं काही कुणी विचारलं नाही. "खरंच कुणाला बोलावलं नव्हतं?" एवढंच. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं तर बाजूला घेऊन सांगितलं, तुमच्यासारख्यांनी असं केलं तर त्या लोकांच्या पोटावर पाय येतो. हे वाक्य मी शहरातल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलंय. ज्या कामात माणूस गुदमरून मरतो ते काम राखून ठेवायची एवढी काळजी! पोटाचीच काळजी असेल तर त्याला गवंडीकाम शिकवा. ढाळ काढणारे गवंडी तालुक्यात शोधून मिळत नाहीत.

आमचा मेस्त्री आता काढतो. पाण्याची नळी लावून, दोन्ही टोकांना खुणा करून, दहा फुटाला फूट. गेल्या पाच-सहा वर्षांत आमच्या आळीत नऊ घरांना त्यानं वीतभर चराचे संडास बांधलेत. त्याची तक्रार वेगळी आहे: "बाई, तुमच्यामुळं माझी खणाईची मजुरी बुडाली." ती खरी आहे. खोल खड्ड्याला फुटावर पैसे मिळतात, उथळाला कोण देणार? त्यासाठी मी ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, की अनुदानातून गवंड्याला ढाळाच्या आणि चेंबरच्या कामाची वेगळी मजुरी द्यावी, आणि झाकण उघडून चेंबर बघितल्याशिवाय बिल काढू नये. अर्जाला दोन वर्षं झाली. पोच माझ्याकडं आहे.

भाऊजींचा नातू यंदा माळाकडं नवं घर बांधतोय. संडास घरातच, फरशीचा, वर टाकी. मागं दहा फूट खोल सेफ्टी टाकी काढायचं चाललंय, ठेकेदारानं खुणाही केल्यात. माळाला चांगला मुरूम आहे, पाणी कितीतरी खाली, दोन उथळ खड्ड्यांना याहून बरी जागा मिळायची नाही. मी नातसुनेशी बोलले. ती बीएस्सी आहे, तिनं वहीत सगळं काढून घेतलं आणि विचारलं, "पण आजी, उघडायचं कुणी?" मी म्हटलं, तुम्ही दोघांनी. ती नवऱ्याकडं बघायला लागली. रविवारी खणायला यंत्र येणार आहे. शनिवारी मी जाणार आहे, नळी आणि दोरी घेऊन.